आस आणि आघात : आवाज आवळणाऱ्या पेटीचा इतिहास

संगीताच्या मराठी क्रमिक पुस्तकांत नादाचे तीन गुणधर्म सांगण्याची प्रथा जुनी आहे : नादाची उच्चनीचता, नादाची जाती आणि नादाचा लहानमोठेपणा. पहिल्यातून स्वर-श्रुतींची विस्तृत चर्चा निघाली, दुसऱ्यातून वाद्यांच्या आणि गळ्यांच्या पोताची. तिसऱ्याच्या वाट्याला मात्र बहुधा दोन ओळींची व्याख्याच आली. हळू वाजवले की नाद लहान, जोरात वाजवले की मोठा. एवढे सांगून पुस्तक पुढच्या पाठाकडे वळते. साहित्याच्या अभ्यासकाला ही उपेक्षा खटकायला हवी, असे आम्हांस वाटते. भरताने नाट्यशास्त्रात पाठ्याचे उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित असे सहा अलंकार सांगितले. त्यांत स्वरस्थान आणि गती यांचा विचार प्रमुख असला, तरी दूरच्याला हाक मारताना आणि भांडताना आवाज कसा लागावा, आजाऱ्याचा वा थकलेल्याचा कसा लागावा, हे ठरवताना आवाजाच्या बळाचा विचार टळत नाही. 'काकू' या संकल्पनेने तर आपण वर्गात रोजच काम चालवतो. तेच शब्द, पण आवाजाच्या चढउताराने अर्थ उलटा. तेव्हा आवाजाचा लहानमोठेपणा ही केवळ भौतिकशास्त्राची बाब नाही. ती अर्थाची बाब आहे.

हा लहानमोठेपणा माणसाच्या हातून यंत्राच्या हाती कसा गेला, हा प्रस्तुत लेखाचा विषय. त्या यंत्राला 'कॉम्प्रेसर' म्हणतात. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी ज्या रंगीबेरंगी पेट्या मांडलेल्या दिसतात, त्यांतली ही सर्वांत कमी नाट्यमय पेटी. बाकीच्या पेट्या आवाज फाडतात, थरथरवतात, त्याचे प्रतिध्वनी काढतात. ही फक्त मोठ्याला थोडे लहान करते आणि लहानाला थोडे मोठे. नवशिक्या वादकाला ती चालू आहे की बंद, हेही पुष्कळदा कळत नाही. आणि तरीही गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत रेडिओ, चित्रपट, ध्वनिमुद्रिका आणि ध्वनिफिती यांतून जे जे आपल्या कानी पडले, त्यांतले फारच थोडे या यंत्राच्या जातकुळीतून न जाता आले असेल.

आधी वाद्याची गरज पाहू. छेडलेल्या तारेचा स्वभाव असा, की तिचे सारे बळ पहिल्या क्षणी असते. बोट किंवा नखी तारेवरून सुटते तो आघात. त्यानंतर नाद सतत उतरत जातो. या उतरत्या शेपटाला आपल्याकडे 'आस' असा सुंदर शब्द आहे. गळा, सारंगी, बासरी यांना आसेची चिंता नाही. श्वास किंवा गज असेतो स्वर टिकतो. छेडून वाजवायच्या वाद्यांपुढे मात्र हा प्रश्न कायमचा उभा असतो, आणि मिंडेवर पोसलेल्या संगीतात तर तो अधिकच तीव्र होतो, कारण मींड पुरी होण्याआधी नाद विझला तर वाक्य अर्धेच राहते.

या प्रश्नाला आपल्या कारागिरांनी आणि वादकांनी आपापली उत्तरे दिली आहेत. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर तंतुवाद्ये घडवण्याकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या कारागिरीचे मर्म 'जवारी'त आहे. रुंद घोडीचा माथा इतक्या सूक्ष्म उताराने घासायचा, की कंप पावणारी तार त्याला ओझरती शिवत राहावी. त्या स्पर्शातून वरचे सहनाद पुन्हा पुन्हा जागे होतात आणि नाद असतो त्याहून दीर्घ भासतो. संतूरची आस तर सतारीहूनही तोकडी. शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२) यांनी कलमांच्या अतिशीघ्र, हलक्या आघातांची मालिका गुंफून सलग स्वराचा आभास उभा केला. ही दोन्ही उत्तरे हाताची आहेत. यंत्राचे उत्तर वेगळ्या दिशेने आले आणि त्याचा उगम संगीतात नव्हताच.

यंत्रापूर्वी आवाजाचा लहानमोठेपणा सभागृह ठरवी. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 'संयुक्त मानापमान' केले, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पद पोहोचवण्याची सारी जबाबदारी गळ्यावर होती. ध्वनिमुद्रणाची तऱ्हा याहून कठीण. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका झाल्या, त्या काळी गायक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून गात आणि त्यांच्या आवाजाच्या बळावरच सुई मेणात खाच पाडी. आवाज फार लहान झाला तर खाच उमटत नसे. फार मोठा झाला तर सुई उसळून शेजारच्या खाचेत शिरे. यावर उपाय म्हणून तार स्वराच्या वेळी गायकाला हाताने किंचित मागे सारायचे आणि मंद्रात पुन्हा पुढे आणायचे, अशी रीत जगभरच्या ध्वनिमुद्रकांत होती. कॉम्प्रेसरचा मूळ पुरुष शोधायचा झाला, तर तो गायकाच्या खांद्यावर हात ठेवून उभा असलेला हा सहायकच होय.

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे मुद्रण आले आणि मायक्रोफोनने कुजबुजीलाही किंमत दिली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांनी मिरजेला आपले घर केले होते. त्यांचा हळुवार, आत वळलेला स्वर तिसाव्या दशकातील ध्वनिमुद्रिकांत जसा ऐकू येतो, तसा तो कर्ण्याच्या काळात उमटणे अवघड होते. मात्र लहान आवाज टिपण्याची सोय झाली, तशी मोठ्या आवाजाची अडचण वाढली. रेडिओच्या प्रक्षेपकाला एक कमाल मर्यादा असते. ध्वनी तिच्यापुढे गेला की प्रक्षेपण फाटते. दुसऱ्या बाजूला, ध्वनी फार लहान झाला की तो वातावरणातील खरखरीत बुडतो. म्हणून नियंत्रणकक्षात एक माणूस गोल खुंटीवर बोटे ठेवून बसे आणि वक्ता चढला की खुंटी उतरवी, उतरला की चढवी. हा माणूस कितीही तत्पर असला तरी कानाला कळल्यावरच त्याचा हात हलणार. १९३७ मध्ये अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकने ११०-ए हा प्रवर्धक आणला, तो हेच काम आपोआप करीत असे. पुढे जगभरच्या नभोवाणी केंद्रांत या जातीची उपकरणे रूढ झाली. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले आणि वऱ्हाड-नागपुरातील खेडोपाडी मराठी बातम्या, भाषणे, भावगीते पोहोचू लागली, ती याच तांत्रिक शिस्तीच्या युगात. दूरच्या श्रोत्यापर्यंत लहान आवाजही पोहोचावा, असा या यंत्राचा मूळ हेतू होता, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

त्यानंतरचा प्रवास वेगाने सांगता येतो. पन्नास-साठच्या दशकांत ही उपकरणे प्रक्षेपणगृहातून ध्वनिमुद्रणगृहात आली. वीस निर्वात नळ्यांचा अवजड फेअरचाइल्ड ६७०. प्रकाशाच्या तीव्रतेवर चालणारा टेलिट्रॉनिक्सचा एलए-२ए. आणि १९६७ चा, ट्रान्झिस्टरवर चालणारा, विजेसारखा चपळ ११७६. ही नावे आजही ध्वनितंत्रज्ञ आदराने घेतात. १९६५ मध्ये 'द बर्ड्‌स' या अमेरिकी वाद्यवृंदाने बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारचा जो झुळझुळता, न तुटणारा नाद ऐकवला, तो मुद्रणगृहातील कॉम्प्रेसरमुळे साधला होता. त्यातून गिटारवादकांच्या ध्यानी आले की हे केवळ सुरक्षेचे उपकरण नाही. त्यात आस दडली आहे. सत्तरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक घटक स्वस्त आणि लहान झाले, आणि कपाटाएवढे काम पायाखालच्या डबीत मावू लागले. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील एमएक्सआर कंपनीची दोन खुंट्यांची लाल 'डायना कॉम्प' ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. तिच्या मागोमाग 'रॉस' आली, आणि १९७८ मध्ये जपानच्या बॉस कंपनीची सीएस-१.

ही पेटी करते काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. वादक एक उंबरठा ठरवतो. त्याच्या खालचा नाद पेटी अबाधित सोडते. वरचा मात्र ठरलेल्या प्रमाणात आवळते. प्रमाण चारास एक असेल आणि नाद उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर गेला, तर बाहेर पडताना तो फक्त ३ डेसिबल वर असतो. म्हणजे मोठ्यातल्या मोठ्या आणि लहानातल्या लहान नादातले अंतर ९ डेसिबलने घटले. आता सगळाच नाद ९ डेसिबलने वर उचलला, तर मोठा नाद होता तिथेच येतो आणि लहान नाद पूर्वीपेक्षा मोठा होतो. तार छेडल्यावर नेमके हेच घडते : आघात दबतो, आणि नाद जसजसा उतरत जातो तसतशी पेटी आपली पकड सैल करीत त्याला वर उचलत राहते. परिणामी आस लांबल्याचा भास होतो. तार मात्र पूर्वीइतकाच वेळ कंपित असते. पेटीने तिला नवे बळ दिलेले नाही. विझत चाललेला नाद आपल्या अधिक जवळ आणून धरला आहे, इतकेच.

या व्यवहाराची किंमत वादकाला ठाऊक असावी लागते. पहिली किंमत आघाताची. पेटीने किती चपळाईने पकड घ्यावी, हे पुष्कळ पेट्यांत 'अटॅक' नावाच्या खुंटीने ठरते. पकड तत्काळ असेल तर तार सुटण्याचा टणत्कार चिरडतो आणि स्वर गुळगुळीत, काहीसा निर्जीव होतो. ती वीस-तीस सहस्रांश सेकंद उशिरा घेतली, तर टणत्कार निसटून जातो आणि मागचा नाद तेवढा आवळला जातो. दुसरी किंमत खरखरीची. लहान नादाला उचलताना पेटी तारेचा नाद आणि विजेची गुणगुण यांत भेद करीत नाही. म्हणून वाजवणे थांबताच मागची खरखर फुगून पुढे येते. तिसरी किंमत हाताच्या शिस्तीची. असमान आघात पेटी समान करून देते आणि विद्यार्थ्याला वाटते की आपला हात तयार झाला. म्हणून रियाझ पेटीवाचून करावा आणि पेटी रंगमंचावर वापरावी, हा जाणत्यांचा सल्ला आम्हांस योग्य वाटतो. पेट्यांच्या साखळीत कॉम्प्रेसर साधारणपणे आरंभी ठेवतात. आवाज फाडणाऱ्या पेटीच्या नंतर ठेवला, तर तिची खरखरही तो वर उचलतो. शिवाय फाटलेला नाद स्वभावतःच आवळलेला असतो, त्यामुळे या पेटीचे खरे काम स्वच्छ नादात दिसते.

मराठी मुलखात हा प्रश्न केवळ गिटारचा नाही. मुंबईत १९८४ मध्ये 'रॉक मशीन' उभे राहिले, १९९३ मध्ये त्याचे 'इंडस क्रीड' झाले. महेश तिनईकरांसारख्या गिटारवादकांनी परदेशी सामग्री दुर्मिळ असण्याच्या त्या काळात इलेक्ट्रिक गिटारचा नाद येथे रुजवला. परंतु गल्लीबोळांत तारेचा विजेवरचा नाद पोहोचवला तो 'बेंजो'ने. अमेरिकी बँजोशी या वाद्याचे नावापलीकडे नाते नाही. जपानमध्ये नागोया येथे १९१२ साली मोरिता गोरो यांनी टंकयंत्रासारख्या कळा असलेले 'ताइशोगोतो' घडवले; ते भारतात येऊन 'बुलबुल तरंग' झाले, आणि महाराष्ट्रात त्याला पिकअप बसून लग्नाच्या वरातींत, गणपतीच्या मिरवणुकांत त्याचे बेंजो झाले. रवी जाधव यांच्या 'बँजो' (२०१६) या हिंदी चित्रपटाचा विषय हीच पथके. बेंजोची आस अतिशय तोकडी. म्हणून वादक एकाच स्वरावर पुन्हा पुन्हा भराभर आघात करीत तो टिकवून धरतो. संतूरच्या कलमांनी मैफलीत जे साधले, तेच बेंजोवाल्याच्या उजव्या हाताने रस्त्यावर साधले. साहित्याच्या इतिहासात लोकपरंपरा आणि अभिजात परंपरा यांना एकच अडचण आली की दोन्हींकडून किती सारखी उत्तरे निघतात, याचे हे चांगले उदाहरण ठरावे.

आता आम्ही ज्या गावाच्या संदर्भात हा विचार करीत आहोत त्या गावाकडे वळतो. वर्धा जिल्ह्यातील आष्टीचे नाव इतिहासात १६ ऑगस्ट १९४२ या नागपंचमीच्या दिवसामुळे आहे. 'छोडो भारत' ठरावाला आठ दिवस झाले होते. त्या दिवशी आष्टीत आणि तिकडे चिमूरला लोक रस्त्यावर आले, पोलीस आणि जमाव यांच्यात रक्त सांडले. या उठावामागे जी अनेक कारणे सांगितली जातात, त्यांत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) भजनांचा उल्लेख नेहमी येतो. त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली आणि त्यांना नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले गेले. महाराजांच्या हाती असे ती खंजिरी. छेडलेल्या तारेचे जे वर्णन वर केले, त्याचे खंजिरी हे टोक होय : आस जवळजवळ नाही, सगळा आघात. आणि भजनाची रचना अशी, की आधी एकटा आवाज, मग साऱ्या मंडळींनी उचललेले ध्रुपद. एका गळ्यापासून शेकडो गळ्यांपर्यंतची ही झेप हाच त्या भजनाचा अर्थ आहे. एकट्याने म्हटलेले सर्वांचे होते, हे शब्दांनी सांगण्याआधी ते लहानमोठेपणाने सांगितले जाते.

हेच भजन कठोरपणे आवळलेल्या ध्वनिमुद्रणात काय होते, याची कल्पना करून पाहावी. एकटा आवाज वर उचलला जातो, समूह खाली दाबला जातो, दोन्ही एकाच पातळीवर येतात. खंजिरीचा तडाखा चिरडून त्याची नुसती टिकटिक उरते. शब्द एकही गळलेला नसतो, चाल बदललेली नसते, नोटेशन लिहिले तर ते तंतोतंत तेच येईल. तरीही एकटा आणि समूह यांतले अंतर गेले, म्हणजे काकू गेली. आमच्या मते कॉम्प्रेसरच्या इतिहासातील खरा प्रश्न येथे आहे. ज्या यंत्राने दूरच्या श्रोत्यासाठी लहान आवाज वाचवला, तेच यंत्र लहान आणि मोठा हा भेदच पुसू शकते.

आणि तसे झालेही. ऐंशीच्या दशकात स्वस्त ध्वनिफितींनी भक्तिगीते आणि लोकगीते घरोघर नेली. फितीला स्वतःची खरखर असते. तिच्यावर मात करायची तर लहान नाद उचलावाच लागे. तिथे आवळणे ही माध्यमाची गरज होती. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि सुमारे ९६ डेसिबलचा अवकाश उपलब्ध झाला. कुजबुज आणि आरोळी दोन्ही सुखाने नांदतील एवढा. पण नव्वदच्या दशकापासून निर्मात्यांनी हा अवकाश वापरण्याऐवजी सगळा नाद वरच्या छताला चिकटवायला सुरुवात केली, कारण शेजारच्या गाण्यापेक्षा आपले गाणे मोठे वाटले पाहिजे. 'मेटॅलिका'च्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक' या संचाबद्दल तर खुद्द चाहत्यांनीच तक्रार केली की तो ऐकून कान थकतात. २०१० मध्ये युरोपीय प्रक्षेपण संघाने सरासरी मोठेपणा मोजण्याचे मानक ठरवले. पुढे इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या सेवांनीही सगळी गाणी समान सरासरीवर आणण्याची सोय केली. तेव्हापासून अति आवळण्याचा व्यापारी फायदा पुष्कळ कमी झाला आहे, सवय मात्र उरली आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला रस्त्यावरची बाजू आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांना बंदी केली. मर्यादेची ही चर्चा आवश्यकच आहे. पण तिच्यात एक गोष्ट सुटते. वरातीतला बेंजो आणि ताशा मधूनमधून दम घेतात. ध्वनिवर्धकांच्या भिंतीतून येणारे आवळलेले संगीत दम घेत नाही. दोहोंचे सर्वोच्च टोक एकच असले, तरी दुसरे अधिक मोठे वाटते, कारण त्याला दरी नाही. कानाला जो त्रास होतो तो शिखराचा असतो, तसाच विश्रांती न मिळण्याचाही असतो.

याचा अर्थ कॉम्प्रेसर टाकून द्यावा असा नाही. बारा तारांच्या गिटारचा झुळझुळता नाद, रेडिओवरील शांत स्वरातले वाचन, गोंगाटातही ऐकू येणारी बातमी, हे सारे त्याचेच देणे आहे. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एखादा विद्यार्थी गिटार आणि लहानशी पेटी घेऊन येतो, तेव्हा ती कशी लावावी हे त्याला सांगता येते : प्रमाण कमी ठेव, पकड थोडी उशिरा घेऊ दे, आणि हाताने हळू वाजवलेले हळूच ऐकू येते की नाही हे पेटी बंद-चालू करून ताडून पाहा. न आल्यास खुंटी मागे घे. हाच निकष आम्ही निबंधाला लावतो, काव्यवाचनाला लावतो. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत एकाच तारस्वरात लिहिलेल्या लेखात एकही शब्द चुकीचा नसतो, आणि तरी काही सांगितले गेले असे वाटत नाही.

क्रमिक पुस्तकातील त्या दोन ओळींची व्याख्या म्हणूनच अपुरी आहे. तिच्यात एवढी भर घालावी असे आम्ही सुचवू, की लहानमोठेपणा हा एका नादाचा गुण नसून दोन नादांमधील नाते आहे. तंबोऱ्याची जवारी लावणारा मिरजेचा कारागीर, कर्ण्यापुढच्या गायकाला मागे सारणारा सहायक, खुंटीवर बोटे ठेवून बसलेला नभोवाणीचा माणूस आणि आजची ही पेटी, हे सगळे त्या नात्याशी व्यवहार करतात. संगीताच्या आणि साहित्याच्या शिक्षकांनी हा पाठ एकत्र बसून शिकवायला हरकत नाही. त्यासाठी एक खंजिरी, एक गिटार आणि एक पेटी पुरे.